दुसरी रिकामी खुर्ची

आदरणीय भास्करराव,

परवा गुरुवारी तुमच्या कार्यक्रमाच्या वेळेला तुमचा आवाज आला नाही. रेडिओ केंद्रातली मुलगी बोलली. तुम्ही गेल्याचं तिनं सांगितलं आणि म्हणाली, श्रोत्यांनी त्यांना पत्रं लिहावीत, आम्ही ती याच वेळेला वाचून दाखवू, नाव लिहायचं नसेल तर नका लिहू.

मी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत होतो. आमच्या घरी तुमचा कार्यक्रम लागत नाही, सहा वर्षं झाली. त्यामागचं खरं काय, ते तुम्हाला आणि मला दोघांनाच माहीत होतं. आता मला एकट्यालाच.

मी सातवी शिकलेला माणूस. कारखान्याच्या गेटवर वॉचमन होतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिण्यात हयात गेली. पत्र जमत नाही. तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय.

तुम्ही पेन्शनच्या टेबलावर कारकून होतात. म्हातारी माणसं जिना चढून यायची आणि एका कागदावाचून परत जायची, ते बघवलं नाही म्हणून नोकरी अर्ध्यात सोडलीत. दुसऱ्यांच्या म्हातारपणाच्या काळजीपायी स्वतःची पेन्शन घालवणारा मीच पहिला, असं तुम्ही रेडिओवर हसत सांगायचात. मग एसटीनं गावोगाव फिरलात. पारावर सतरंजी टाकून वारस कसा लावायचा, नोकरी संपल्यावर दिवस कसा काढायचा, ते समजावलंत. ते ऐकूनच रेडिओवाल्यांनी तुम्हाला बोलावलं ना?

"मंडळी, चहा ठेवला का? ठेवा, मी बोलतो तोवर उकळंल." तुम्ही असं म्हणालात की आमची कौसल्या खरंच चहा ठेवायची.

तिला न सांगता मी बीडला तुमच्याकडं गेलतो, आठवतं? तुमच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसलो, दुसरीवर पिशवी ठेवली.

"मालकीणबाई कुठंयत?" तुम्ही विचारलंत.

"तिला काय कळतंय साहेब? मलाच सांगा. घर पोराच्या नावावर करू का?"

"ती खुर्ची भरल्याबिगर मी वही उघडत न्हाई, रंगनाथराव."

"लई लांबून आलोय हो."

"मग चहा घेऊन जा. अन् पुढच्या बारीला दोघं या."

मला राग आला. रेडिओवरचा माणूस, आणि एवढी एक गोष्ट सांगायला बायको पाहिजे? खरं तर राग नव्हता, धास्ती होती. कौसल्या नको म्हणाली असती. आणि दत्ता, आमचा एकुलता एक, रोज म्हणत होता, "घर माझं न्हाई तर मी इथं कशाला राहू?" पोरगं तुटेल, म्हातारपणी कुणी बघणार नाही, या भीतीनं मी बक्षीसपत्र करून घर त्याला देऊन टाकलं.

सात महिन्यांत तो पुण्याला गेला. घराला भाडेकरू लावला आणि आम्हाला परसातली खोली दिली. कौसल्यानं मला विचारलं, "कुणाला इचारून केलं ओ?"

समोर फळीवर रेडिओ होता. माझ्या तोंडातून गेलं, "भास्कररावांनीच सांगितलं."

ती उठली, रेडिओतले सेल काढले आणि भिंतीतल्या दिवळीत ठेवले.

भास्करराव, तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खोटं एकदा घरात बोललो, मग पारावरही बोललो, कारखान्यातल्या जुन्या माणसांतही बोललो. लोकांना माझी कीव यायची, ती मला गोड लागायची. पुढं तुम्ही आमच्या पारावर सभेला आलात तर दहा माणसंही जमली नाहीत. तुम्ही सतरंजीची घडी स्वतःच घातलीत. मी देवळाआडून बघत होतो. का नाही आलो पुढं?

मग पाली गावातलं लग्न. माझ्या मेहुण्याच्या पोरीचं. ते तुमचं गाव, तुम्ही पंगतीत बुंदी वाढत होतात. कौसल्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"भाऊ, तुमी आमाला वाढू नका."

"काय झालं ताई?"

"तुमच्या सल्ल्यानं आमी परसात आलो. नळाचं पाणी आता भाडेकरणीला मागून घेती मी. रेडिओवर लई गोड बोलता."

सगळी पंगत वळून बघायला लागली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी वरणभात कालवत राहिलो. तुम्ही बादली खाली ठेवलीत, तिला हात जोडलेत आणि म्हणालात, "चुकलं माझं, ताई."

मी पान संपवूनच उठलो.

हात धुताना मी तुम्हाला गाठलं. "साहेब, तुमी कशाला अंगावर घेतलं?"

"तुम्हाला तिच्या हातचं रोज खायचंय, रंगनाथराव. मी काय, जेवून घरी जाईन." मग टॉवेल माझ्या हातात देत म्हणालात, "पण सांगा तिला. लई उशीर करू नका."

मी केला. तुम्ही जाईपर्यंत केला. तुम्ही एकदा तरी दटावायचं होतं मला! रेडिओवर एक वाक्य बोलला असतात तर तुमचं नाव सुटलं असतं. नाही बोललात. यावरून तुमच्यावर रागवायलासुद्धा मला तोंड नाही.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मनात वेगळंच होतं. वाटलं, नाव न घालता पाठवावं. केंद्रातली मुलगी वाचेल, कौसल्याच्या कानावर कुठूनतरी जाईल, आपण तेवढा वेळ बाहेर जाऊन बसू. म्हणजे माझं ओझं परत तुमच्याच रेडिओवर.

तसं करणार नाही. भाडेकरूकडून एक खुर्ची मागून आणलीय, एक आमची आहे. कौसल्या बाहेर ज्वारी पाखडतेय. ती आत आली की तिला शेजारी बसवीन आणि हे पहिल्यापासून वाचून दाखवीन. ती काय म्हणेल माहीत नाही. भीती वाटते. मगच पाकीट चिकटवीन.

तेव्हा तुमच्या वेळेला हे पत्र रेडिओवर लागलं, तर समजा, तिनं ते आधी ऐकलंय.

तुमचा अपराधी,
रंगनाथ सोपान खरात
(नाव वाचावे)