झेड ५९.६

८ जानेवारी २०२४, सोमवार
अर्धा कागद दुसऱ्याचा! साखर वाढली म्हणून चार दिवस दवाखान्यात ठेवलं, आज सोडलं. कागदावर वर नाव माझं, मकबूल. खाली छापलंय — झेड ५९.६. माझं वजन एकावन्न! आणि झेडवरून नावही नाही. म्हणजे कुणा जरीनाचं वजन मला लावलं. गोळ्याही तिच्याच मापाच्या असणार. बायको अख्तर म्हणते, "अहो, घ्या मुकाट्यानं." घेतली नाही.

९ जानेवारी
आजही नाही घेतली. तळपायाची आग होतेय.

१० जानेवारी
शनिवार पेठेतून चालत दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या सरोजिनीबाई म्हणाल्या, "आजोबा, वजन काट्यावर बघतात, कागदावर नाही." मागची रांग हसली. मी हललो नाही. शेवटी आतल्या खोलीत पाठवलं. तिथे हेमा नावाची मुलगी डॉक्टरांचं लिहिलेलं वाचून प्रत्येक आजाराचा ठरलेला आकडा संगणकात भरते.

"चाचा, हे वजन नाही. याचा अर्थ, उत्पन्न कमी."

"हा आजार आहे?"

"आजार नाही. पण त्यापायी आजार हटत नाही, म्हणून नोंदवतात. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत ना, गोळी अर्धी करून खातो?"

सांगितलं होतं — ऐटीत! चाळीस वर्षं बाइंडिंग केलं, पुठ्ठा कापायचा हात. गोळी बरोबर मधोमध कापतो म्हणालो. "अर्धी का?" विचारलं, तर "महिनाभर पुरते" म्हणून गेलो. त्यांनी लिहून घेतलं!

"खोडा हो ते. लोक वाचतील."

"वाचावं म्हणूनच लिहिलंय, चाचा."

राग आला पोरीचा. घरी येऊन गोळी घेतली. अर्धी.

१३ जानेवारी
दवाखान्यातल्या समाजसेविका वासंतीबाईंनी बोलावलं. कागदावरचा तो आकडा वाचून! दर महिन्याच्या गोळ्या आता तिथूनच, फुकट. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही अर्धी खाता हे कळलं नसतं, तर मी इंजेक्शन सुरू करणार होतो." आजवर कुणी विचारलं नव्हतं — खाता का, पुरतं का. अल्ला त्या हेमाला सुखात ठेवो. उगाच रागावलो.

२४ जानेवारी
साखर उतरली! तळपायाची आग नाही. सगळ्यांना सलाम करून आलो, सरोजिनीबाईंनासुद्धा. म्हणाल्या, "झालं का वजन?" त्रेपन्न भरलं!

२५ जानेवारी
सकाळी अख्तर मोरीपाशी कोसळली. साखर तिलाही आहे. तिच्या नावाचा कागद कधी काढलाच नाही — माझ्या गोळीची दुसरी अर्धी ती खायची. डॉक्टरांना हे सांगितलं नव्हतं. आणि बारा दिवस मी खुशीत पूर्ण खातोय! तिची अर्धीही माझ्याच पोटात.

रिक्षानं नेली. शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी मीच म्हणालो, "साहेब, हिचंही लिहा."