नळी वाकडी न्हाई

विशाखा,

तुझा ट्रॉम्बोन पलंगावर ठेवलाय. तो परत द्यायला नांदेडला जाऊ नको. नळी वाकडी न्हाई. तू तिला खोबरेल लावलंस, ते थंडीनं आत थिजलं, म्हणून ती सरकत नव्हती. कोमट पाण्यानं अन् साबणानं धुतली, आता एका बोटानं सरकते. पुन्हा केसांचं तेल लावलंस तर बघ!

वस्तू लई जुनी हाय. नाव घासून गेलंय, पण असाच एक आमच्या बँडात होता, म्हणून ओळखला. नळी बारीक, वजन हलकं, दम कमी लागतो. शिकणाऱ्याला हेच बरं. भोंग्याला पोचा हाय, त्यानं आवाजाचं काही बिघडत न्हाई.

फक्त फुंकायचं तोंड दुसऱ्याच कुठल्या बाज्याचं हाय, ते डुगडुगतं. सूर त्यानं फाटत होता, तुझ्यामुळं न्हाई. काल मी उगाच ओरडलो.

ह्याला बसणारं जुनं तोंड औशाला तुझ्या साहेबराव काकाकडं हाय. बँड मोडला त्या दिवशी मीच ते त्याच्या अंगावर फेकलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. फोन केला अन् त्यानं उचलला न्हाई, तर माझा पाय निघायचा न्हाई. म्हणून दहाच्या एसटीनं सरळ दारातच जाऊन उभा राहतो.

आईला म्हणावं, चार भाकरी जास्त थाप. वाजवायचो मी चांगलं, पण शिकवावं त्यानंच.

बाबा