रेच्यांवरची खिडकी

२ फेब्रुवारी १९७९, शुक्रवार. सिंदी (रेल्वे)
काल, कामाच्या पहिल्या दिवशी, लिहिले की जिनाच्या कारखान्यातले, कापसातली सरकी काढणारे बावीस रेचे सुरू झाले की दुसरे काहीच ऐकू येत नाही. ते चूक आहे. आज दुपारी एका बाईचे गुणगुणणे मला स्पष्ट ऐकू आले. पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहावे, ही बाबांची घरची शिकवण. म्हणून ही दुरुस्ती.

काम फार आवडले. वर खिडकीत बसून खाली रेच्यांत कापूस घालणाऱ्या बायांवर नजर ठेवायची. हाक इथे पोचत नाही. कुणी हात वर केला की खटका ओढून यंत्रे थांबवायची. चार नंबरवरची धुरपता जेवणाच्या सुट्टीत चिडवत होती, "काहो बाई, दिवसभर आमाले पाहून राह्यल्या, सिनेमा हाय काय?" सगळ्या हसल्या. मीही.

५ फेब्रुवारी, सोमवार
गुणगुणते कोण, ते धुरपताला विचारले. ती म्हणाली, धूळ जाते म्हणून सगळ्या तोंडाला फडकी बांधतात; गाणार कोण? आणखी एक टिपून ठेवते. ते ऐकू येते तेव्हा समोरचे दिसेनासे होते. डोळे उघडेच असतात.

६ फेब्रुवारी, मंगळवार
धुरपता गेली. पदर पट्ट्यात ओढला गेला, मग वेणी, मग ती. ऐकलेले: गुणगुणणे, अगदी कानाशी. पाहिलेले: काही नाही. गुणगुणणे थांबले तेव्हा रेच्यातून लाल कापूस पडत होता आणि तिचा हात अजून वरच होता. बाया सांगतात, बराच वेळ होता. माझ्याकडे बघत.

दुपारनंतर रेचे पुन्हा सुरू.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
आता आवाज दोन आहेत. दुसरा धुरपताचा. आज अनुसयाबाईची तीन बोटे गेली. मी बघत होते — बघत होते ना? मुकादम प्रभाकररावांना म्हटले, मला काढा. ते म्हणाले, खुशाल जा. दुसरी मिळेपर्यंत खिडकी रिकामी राहील, जीन बंद राहणार नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार
कानांत कापसाचे बोळे. आवाज थोडा कमी. आत दाबले तसा आणखी कमी. पण पुरेसा नाही —

११ फेब्रुवारी, रविवार
धुरपताची धाकटी जाऊ नलू आली होती. उद्यापासून चार नंबर तिला. माझा हात धरून म्हणाली, "बाई, माह्यावर नजर ठेवजा." हो म्हणाले.

पोती शिवायचा दाभण आणला आहे. बोळ्यापेक्षा आत जाईल. डोळे राहतील — डोळे पुरेत. आधी डावा कान, मग उजवा. सोमवारी, बारा फेब्रुवारीला, सकाळच्या भोंग्याआधी —