नाचणीच्या खोपीतलं मौन

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

पोचले एकदाची. जांबोटीच्या पुढं डांबरी रस्ता संपला, तिथून दीड तास नुसता चढ. तेजस्वी पुढं, मी मागं — आणि "अगं, हळू चाल" म्हणायची सोय नाही! दोनदा टाळ्या वाजवून थांबवलं तिला.

परवा घशातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, "सोळा तारखेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. आवाज येईल, पण वर्गात चालेल असा येईल का, ते त्या दिवशीच कळेल." सव्वीस वर्षं निपाणीत दुसरीचा वर्ग घेतेय. वर पत्रा, बाहेर लॉऱ्या, आणि त्या सगळ्याच्या वर माझं बे एके बे. तो आवाज गेला तर मी कचेरीत बसून दाखले लिहिणार.

घरी गप्प राहणं जमेना. सासूबाई दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारायच्या, मी मान हलवली की म्हणायच्या, "मान हलवून काय कळतंय?" आणि एक बजावून ठेवलंय — तोंड उघडशील तेव्हा पहिला शब्द णमोकार मंत्राचा. तेवढं मात्र ऐकणार मी त्यांचं.

तेजस्वी आमच्या शाळेतली नवी शिक्षिका, मूळची इकडची. म्हणाली, "आमच्या आज्जीच्या खोपीवर चला, बाई. तितं बोलायला कोण न्हाईच." तिचे आजी-आजोबा नाचणी राखायला पेरणीपासून कापणीपर्यंत इथं डोंगरावर राहतात. अक्काताई आणि रवळूअण्णा. दगडाच्या भिंती, पत्रा, पत्र्यावर गवत, एक चूल. दार आहे, पण ते लागत नाही.

तेजस्वी लगेच परत फिरली. जायच्या आधी बाहेर आजीशी बराच वेळ बोलत होती. मी तेवढ्यात पाय धूत बसले होते. सहा जळवा निघाल्या.

६ ऑक्टोबर, रविवार

पाटी आणलीय, पण वाचणार कोण! अक्काताईंना अक्षरओळख नाही. रवळूअण्णा चौथी शिकलेत, तेही कानडी शाळेत. बोलणं सगळं मराठी, वाचणं फक्त कानडी. शेवटी मी कानडी अक्षरांत मराठी लिहिलं — "झरा कुठं आहे?" अण्णांनी बोट फिरवत अक्षर अक्षर लावलं आणि खूश झाले. "बाई, सदरा कानडी, आतला माणूस आपलाच की!"

संध्याकाळी साडेपाचलाच ताटं वाढली. मला एकटीला नव्हे, तिघांनाही. भाजीत कांदा नाही, लसूण नाही. माठाच्या तोंडाला दुहेरी पांढरं फडकं. मी आपली बघत राहिले. जेवता जेवता अण्णा म्हणाले, "मागं एक मुनी म्हाराज ह्या वाटंनं गोव्याकडं गेलते. तेंचंबी मौन हुतं."

तेव्हा उलगडा झाला. माझं व्रत चाललंय असं समजतायत हे! जैनाची बाई, बोलत नाही, म्हणजे मौनच धरलेलं असणार. पाटी उचलली, "व्रत नाही, ऑपरेशन" असं लिहायचं म्हणून. पण अक्काताईंनी इतक्या अदबीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला की खडू तसाच राहिला. उद्या लिहीन.

७ ऑक्टोबर, सोमवार

लिहिलं नाही. खरं सांगायचं तर मान मिळतोय तो आवडतोय. घरी मी कुठली एवढी पाळणारी? शाळेच्या मीटिंगा संपवून रात्री नऊला जेवते. पाणी सासूबाई गाळतात. आणि इथं अक्काताई माझ्यासाठी पाणी गाळतात, आणि फडक्यात राहिलेलं परत झऱ्यातच सोडून येतात, कारण त्यातले जीव तिथलेच. हे त्यांना तेजस्वीनं सांगितलं असणार. चांगला शंभर पावलांचा उतार आहे झऱ्याकडं. त्यांचं वय सत्तर. मी उठले तर हातानं खाली बसवलं.

सकाळी गरम भाताची पेज दिली, पातळ, तिखट अजिबात नाही. घशाला अगदी तेच हवं होतं. कसं नेमकं सुचलं असेल त्यांना, देव जाणे!

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज काही नाही. धुकं, ऊन, परत धुकं. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

मला काम मिळालं! नाचणीवर माकडं उतरतात. अण्णा नुसती हाक देतात, ती समोरच्या डोंगरावर जाऊन परत येते. मला हाक देता येत नाही, म्हणून तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी दिली. सव्वीस वर्षं टेबलावर पट्टी आपटल्याचा सराव आहे. माकडं पळाली. अण्णा म्हणाले, "बाईंच्या वर्गात पोरं गप बसत असतील, लई." मी छाती काढून बसले.

जळवांसाठी अक्काताईंनी माझ्या पायाला चुना-तंबाखू चोळली. निपाणीत जन्म गेला, घराघरात तंबाखूचा वास, आणि तिचा हा उपयोग मला डोंगरावर येऊन कळावा. जळू नुसती गळून पडते, मरत नाही. मी पानानं उचलून बाजूला ठेवते. अक्काताई हसतात, पण आता त्याही ठेवायला लागल्यात.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी नाचणीच्या कडेला बसलो होतो. अक्काताई आपणहून बोलायला लागल्या. धाकटा मुलगा भरमू. सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडून गोव्याला गेला, हॉटेलात काम करतो. खाली गावापर्यंत येतो, आईला भेटतो, पण खोपीवर चढत नाही. "ह्यो वर बसून हाक मारतोय, त्यो खालनं ऐकतोय, अन् माघारी जातोय." आणि परत गवत उपटायला लागल्या.

माझ्या तोंडात सहा वाक्यं तयार होती. दोघांना समोरासमोर बसवा, तुम्ही मध्ये पडा, वगैरे वगैरे. पालकसभेत देते तीच. एकही बाहेर पडलं नाही. त्यांच्या हातावर नुसता हात ठेवला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी चुलीपुढं अक्काताई म्हणाल्या, "काल तुमाला सांगितलं, बरं झालं. दुसरं कोण असतं तर मलाच शाणपण शिकिवलं असतं."

लाज वाटली मला. किती आया माझ्या टेबलापुढं उभ्या राहिल्या असतील आजवर, आणि मी त्यांचं बोलणं अर्ध्यात तोडून शिकवायला लागले असेन. आवाज परत मिळाला तर आधी ऐकून घ्यायचं. लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

पहाटे अक्काताईंनी खोपीमागच्या रवळनाथाच्या दगडाला फुलं घातली. हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. मध्येच वळून माझ्याकडं बघितलं आणि परत दगडाकडं. मी डबा वाजवत होते, तोंडावर मौनी बाईचं तेज आणून!

अण्णा खाली भावकूच्या घरी जेवायला गेले. भावकू त्यांचा चुलतभाऊ. काल खंडेनवमीचं बकरं होतं, आजही मटण. दरवर्षी दोघं जातात म्हणे. आज अक्काताई गेल्या नाहीत. "मला नको आता तसलं," म्हणाल्या आणि माझ्याबरोबर वरण-भात जेवल्या. अण्णा आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा, बाई." मी पाटीवर "तुम्हीही" लिहिलं. चांगलं मोठ्या अक्षरात.

वर्षाचा सण, आणि माझ्यापायी ही बाई ताटातलं सोडून बसली. तरी लिहिलं नाहीच.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज कळस झाला. झाडताना वर बघितलं तर चुलीवरच्या आढ्याला पिशवी टांगलेली. सुकट! वाळकी, लालसर मासळी, पावसाळ्याची बेगमी. पिशवीची गाठ सोडलेलीच नाही, वर काजळी धरलीय. अण्णांना बोटानं दाखवलं. ते म्हणाले, "तिचा जीव हाय बगा सुकटावर. भाजून, कांदा घालून, भाकरीसंगट. रोज लागतंय." आणि एकदम विळा उचलून बाहेर गेले.

म्हणजे नऊ दिवस ही बाई माझ्या खोट्या व्रतासाठी आवडीचा घास सोडून बसलीय. आणि मी काय करतेय? मान घेतेय. अधूनमधून घसा चाचपतेय, परवा आवाज येईल का म्हणून.

उद्या निघायच्या आधी लिहायचंच. काय वाटायचं ते वाटू दे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

लिहिलं. पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या, कानडी अक्षरांत. "माझं व्रत नाही. घशाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय. मी घरी रात्रीसुद्धा जेवते. तुम्ही माझ्यामुळं उपाशी राहिलात. मला माफ करा. अक्काताई, सुकट खा."

अण्णांनी अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. "सुकट खा" पाशी थांबले. अक्काताईंकडं बघितलं. अक्काताईंनी पदर तोंडावर घेतला आणि तोंड फिरवून चुलीकडं बसल्या. रडतायत का रागावल्यात, काही कळेना. अण्णांनी बाहीनं पाटी पुसली. "बरं," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "डागदर उद्या किती वाजता बगनार?" मी बोटांनी अकरा दाखवले.

तेजस्वी न्यायला आली. अक्काताईंनी नाचणीचं पीठ बांधून दिलं, कुंकू लावलं, माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सुकटाचं नाव नाही. वाटेवरच्या मोठ्या धोंडीपर्यंत दोघं पोचवायला आली. सगळ्या डोंगरात फोन लागतो तो त्या एका धोंडीवरच. वळणावरून मागं बघितलं, दोघं तिथंच उभी होती.

दहा दिवस माझं सगळं करून वर एवढी माया. आणि मी त्यांना फसवून उतरले. आवाज नाही आला तर ही त्याची शिक्षा, असं सारखं मनात येतंय. वाटेत तेजस्वीला हे लिहून दाखवायचं धाडस झालं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार. बेळगाव

दवाखान्याच्या बाकावर शेवटी तेजस्वीपुढं वही धरली. ती वाचून माझ्याकडं बघतच राहिली. "व्रत? बाई, मी आज्जीला पैल्याच दिवशी ऑपरेशनचं सांगितलंय! तितंच तिनं रवळनाथाला नवस बोलून टाकला. बाईंचा आवाज माझ्या कानानं ऐकीपर्यंत सुकट न्हाय, कांदा न्हाय, दिवस बुडल्यावर घास न्हाय. तुमाला सांगू नको म्हणाली, तुमी अवघडाल म्हणून. आत्ता दोघं फोन घिऊन धोंडीवर येऊन बसल्यात. फोन चालूच हाय."

आत गेलो. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. म्हणाले, "जखम छान भरलीय. हं, बोला काहीतरी." सासूबाईंचा णमोकार ओठांवर आणून ठेवला होता. तो तिथंच राहिला. तेजस्वीच्या हातातला फोन घेतला. घसा खरखरला, फाटला, आणि आवाज आला. घोगरा, पण माझाच.

"अक्काताई," मी म्हणाले, "आज सुकट भाजा."