वटवाघळांबद्दल मॅडमचं मत

ब्राह्मणपुरी, ४ मार्च

चि. चारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पेपरात तुझा फोटो पाहिला. नगरपालिकेच्या सभेत प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणून उभी राहिलीस, वटवाघळांमुळे रोग पसरू शकतो म्हणालीस, आणि शहाद्यातली ती जुनी चिंच तोडायचं तिथल्या तिथे ठरलं! आईनं कात्रण देव्हाऱ्यात ठेवलंय. त्या जागी अध्यक्षसाहेबांची दुकानं होणार म्हणे. होऊ देत. कॉलेज त्यांचंच, आता तुला पर्मनंट करायला कोण अडवतंय? त्यासाठी त्यांच्या बंगल्यावर खेपा कुणी घातल्या, तेवढं विसरू नकोस हं.

वेळेवर जेवत जा.
आप्पा

शहादा, १० मार्च

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

फोन हातात घेतला, पण जीभ रेटेना. कात्रण काढायला सांगा. मला लाज वाटते. 'पसरू शकतो' हे शास्त्राला धरूनच होतं. पण आपल्या भागात वटवाघळांमुळे कुणी आजारी पडल्याचं मला ठाऊक नाही, हे पुढचं वाक्य मी गिळलं. साहेब समोरच बसले होते.

चिंच पडली तेव्हा पिलं पोटाशी धरून वटवाघळं भर उन्हात भिरभिरत होती. ही बिया पसरवतात म्हणून झाडं उगवतात, असं मीच वर्गात शिकवते. आता मुलांकडे बघवत नाही.

ती तुमच्या बाजूला उडाली आहेत. मळ्यातल्या वडावर उतरली तर राहू द्या. गावाला सांगा, चारू अर्धंच बोलली. नोकरी गेली तरी चालेल.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
चारू

ब्राह्मणपुरी, १६ मार्च

चि. चारूस,

पत्र आलं तेव्हा ती वडावर आलेलीच होती, पिलांसकट. सांगायचं म्हणूनच मी काल पारावर गेलो. पण तुझी पर्मनंटची ऑर्डर निघाल्याचं गावात आधीच पोचलेलं. शेजारच्या भिलाभाऊनं पेढा तोंडात कोंबला. लेक अर्धं बोलली, हे त्या तोंडानं कसं सांगू? राहू द्या बिचाऱ्यांना, एवढंच पुटपुटलो. तर पारावर बसलेली भुरीबाई हसून म्हणाली, तुन्ही पोर इतली शिकेल शे, ती काय खोटं बोली का?

मग सगळे वटवाघळं हाकलायला फटाके घेऊन मळ्यात निघाले. मॅडमचा बाप म्हणून पहिली लड पेटवायचा मान मला दिला.

मी पेटवली, चारू.

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.
आप्पा