ओळ क्रमांक एकशे बारा

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

तीर्थस्वरूप रामकिसनमामांस,

अभयचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी आणलेलं तेल लावता, की बाटली अजून खिडकीतच ऊन खात बसलीय? शेंद्र्याकडं यंदा हरभरा बरा आला म्हणे, ऐकून बरं वाटलं. इकडं आई आणि मुलं खुशाल आहेत. (माझं पुढं येतंच.) फोन सोडून पत्र का, असं वाटेल. पण फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी "मग?" विचारता, आणि या हकिकतीत जिथं "मग?" येतो, नेमकी तिथंच माझी जीभ टाळूला चिकटते.

आपल्या वाळूजच्या कारखान्यात, मेंटेनन्स खात्यात कामं कशी सांगितली जातात ते तुम्ही तीस वर्षं बघितलंय. कुणी फोनवर, कुणी चिठ्ठीवर, कुणी जेवताना तोंडात घास असताना. सांडू फिटर तर तळहातावर लिहायचा, आणि हात धुतला की काम संपलं असं समजायचा. दिवाळीनंतर एकाच ग्राइंडिंग मशिनला तिघांनी तीनदा ग्रीस भरलं आणि शेजारचं मशिन कोरडं राहून जाम झालं. तेव्हा तनुजा मॅडम (आमच्या नव्या खातेप्रमुख, वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आवाजानं मोठ्या) म्हणाल्या, सगळ्या कामांची एकच यादी करा, सगळ्यांना दिसेल आणि सगळ्यांना लिहिता येईल अशी. मी दोन सुट्ट्या खपून मोबाईलवर उघडणारी शीट बनवली. काम काय, सांगितलं कुणी, करायचं कुणी, स्टेटस काय. नाव दिलं 'सगळी कामं'. वर ठळक अक्षरांत लिहिलं, काहीही असो, इथंच लिहा.

मामा, माणसांना 'काहीही' लिहायला कधी सांगू नये. पहिल्या आठवड्यात शंभर ओळी भरल्या. त्यात मशिनांच्या असतील चाळीस. बाकी कॅन्टीनची आमटी पातळ, पार्किंगमध्ये कुत्री फार, सांडूच्या पोरीनं अकरावीला कुठली शाखा घ्यावी (करायचं कुणी? अभय साहेब). झाडलोट करणाऱ्या गीताबाईंनी कुणाकडून तरी लिहून घेतलं, 'अभय साहेबांनी उष्टा कप टेबलाखाली ठेवू नये', आणि पुढं 'तातडीचं' असा शेरा मारून घेतला. ती ओळ आपोआप लाल झाली. मॅडमनी ती सगळ्यांत आधी वाचली.

आणि आपले मोहियोद्दीनचाचा. तुमचे जोडीदार, ज्यांच्या हाती तुम्ही मला चौदा वर्षांपूर्वी सोपवलंत, ज्यांनी पेचकसाची मूठ कानाला लावून बेअरिंगचं दुखणं ऐकायला शिकवलं. ते टाइप करत नाहीत, फोनला तोंडी सांगतात. ते म्हणाले, कंप्रेसर खोकतोय. फोननं लिहिलं, 'कंप्रेसर खो खो'. कुणाला वाटलं वार्षिक स्पर्धेतल्या संघाचं नाव असेल, आणि खाली दोघांनी आपली नावं खेळाडू म्हणून लिहिली. आठव्या दिवशी कंप्रेसर बंद पडला. चाचा एवढंच म्हणाले, "बेटा, मी तर लिवलं होतं." अर्धी पाळी खपून त्यांनीच तो चालू केला.

आता मुद्द्यावर येतो. (यायचं नाही म्हणूनच खो-खो खेळत होतो.) चाचांची निवृत्ती या महिनाअखेर आहे. दोन वर्षांची मुदतवाढ मिळेल असं ते धरून चालले होते, आणि "होऊन जाईल, चाचा" असं मीच त्यांना सांगत होतो. तीन आठवड्यांपूर्वी वरून 'नाही' आलं. मॅडम म्हणाल्या, तुमचे जवळचे आहेत, तुम्हीच नीट सांगा. मी हो म्हणालो. सोमवारी चाचांना सर्दी होती. मंगळवारी ते लई खुशीत होते. शुक्रवारी नमाजला जायची घाई. (वाईट बातमी द्यायला सोयीचा वार पंचांगात सापडत नाही.) मग मी माझ्या मोबाईलमधल्या टिपणांतली कामं शीटमध्ये उतरवली, त्यात कॉपी-पेस्ट करताना माझी खासगी यादीही आत गेली. गॅस बुक करणे, आईचे डोळे दाखवणे, आणि ओळ एकशे बारा.

रोज सकाळी सव्वाआठला आम्ही सगळे शॉपमधल्या मोठ्या टीव्हीसमोर उभे राहतो आणि सांडू ओळी मोठ्यानं वाचतो. त्याला अर्थ मागाहून कळतो. त्यानं त्याच सुरात वाचलं, "एकशे बारा. मोहियोद्दीनचाचांना मुदतवाढ नाही, हे सांगणे. टाळतोय. स्टेटस पेंडिंग."

बावीस माणसं होती, मामा. मी टीव्हीच्या वायरीकडं बघत राहिलो, जणू बिघाड तिथं आहे.

चाचांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, "सांडू, हे काम तर झालं की. माहीत पडलं मला. पेंडिंग कशाला ठेवतो? झालं लिव. आन् पुढची ओळ वाच, लोक खडे हैत." सांडूनं 'झालं' केलं. ओळ हिरवी झाली. सांडूनं पुढची वाचली. पुढची कुत्र्यांची होती.

दुपारी त्यांनी नेहमीसारखा डबा माझ्यापुढं सरकवला. मेहरुन्निसाचाचींच्या हातचा खिमा होता, मी डब्याचं झाकण नुसतं फिरवत बसलो. मी काही बोलणार, तर तेच म्हणाले, "खाओ साहेब, ठंडा होतोय." चौदा वर्षांत त्यांनी मला 'बेटा' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. चिडले असते तर पाय धरले असते. 'साहेब' म्हटल्यावर माणसानं काय धरावं?

शीट मी त्याच दिवशी बंद करायला निघालो. मॅडम म्हणाल्या, शीटला काय झालंय? बरोबर आहे. शीटला काहीच झालेलं नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा (अजून म्हणवून घेत असाल तर) भाचा,
अभय

ता. क. : खरं काम हे, की येत्या रविवारी तुम्ही माझ्याबरोबर बजाजनगरला चाचांच्या घरी यावं. मी दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या वेळी चाचींनी गॅलरीतून बघितलं आणि हाक मारली, "अभय है क्या?" मी हेल्मेटची काच खाली केली आणि गाडी पळवली. बेचाळीस वर्षांचा माणूस.

ता. क. २ : वर कॉपी-पेस्टचं लिहिलंय, ते खोटं आहे. वरची ओळ खोडली असती, पण पेनानं लिहितोय आणि आज खोडायची हिंमत नाही. ती ओळ मी हातानं टाइप केली होती. 'टाळतोय' हा शब्दसुद्धा. वाटलं होतं, चाचा कधीतरी आपल्या फोनवर एकटेच वाचतील, आणि मला तोंडानं सांगावं लागणार नाही. त्याआधी सकाळी सांडूच सगळ्यांसमोर वाचेल हे त्या घटकेला डोक्यात आलं नाही, एवढंच काय ते चुकून झालं. चाचांना हे मीच सांगणार आहे, तुम्ही एक शब्द बोलू नका. फक्त गाडीवर माझ्या मागं बसा, म्हणजे मला वळवून परत येता येणार नाही.