सियालेचा आठवडा

बंडाबर्ग, ऑस्ट्रेलिया, २ ऑगस्ट

ती. व्हिकावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही इथे कामाला आलेल्या सेनीबरोबर पाठवलेली चटई पोचली. खोलीतल्या बाकीच्या बायका म्हणतात, लोसा, तुझ्या कोपऱ्यात हाआनो बेटाचा वास येतो. मी ती अंथरत नाही, उशाशी घडी करून ठेवते.

टोमॅटोचा हंगाम जोरात आहे. पाठ दुखते, पण तक्रार करत नाही, नाहीतर तुम्ही लगेच तेलाची बाटली बोटीत टाकाल. आमच्या समोरच एक बालवाडी आहे. दुपारी आमची गाडी शेतावरून परत येते, तेव्हा पोरं फाटकाला लटकून आयांची वाट बघत असतात. मी पिशवी सावरायच्या निमित्तानं खाली बघते. तिथल्या ग्वेनबाई आमच्याच चर्चमध्ये येतात. माझी सियाले चार वर्षांची आहे, आमच्या बेटावरची बालवाडी बाई गेल्यापासून बंद आहे, असं त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, घरीच घ्या की शाळा. आठवडा कसा आखायचा तेही दाखवलं.

तर वन्सं, सोमवारी पानं गोळा करून लहान-मोठी अशी ओळीनं लावायची. मंगळवारी शिंपले मोजायचे. बुधवारी कात्री, केळीचं पान कापू द्या, पण तुमचा चर्चचा झगा लांब ठेवा. गुरुवारी घमेल्यात पाणी घेऊन काय तरंगतं, काय बुडतं ते बघायचं. शुक्रवारी गोष्ट आणि तिचं चित्र. सुरुवात एकवीस तारखेच्या सोमवारीच करा. त्याच सोमवारी का, ते विचारू नका.

फोन क्वचितच लागतो, आणि लागला तरी ती माझ्याशी बोलत नाही. मागच्या वेळी तर फोन डुकरिणीच्या कानाला लावून पळाली. म्हणून पत्रातून तिला दोन पापे. तुमचा धाक आणि तुमची माया, दोन्ही माझ्यावर राहू द्या.

तुमची,
लोसालीने

———

हाआनो, २५ सप्टेंबर

चि. लोसास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एकवीस तारखेला आमच्याकडे नव्हतंच गं. बोटीचं इंजिन बिघडलं आणि टपालाची पिशवी पलीकडे पांगाई बंदरातल्या दुकानात पडून राहिली. हातात पडलं ते सप्टेंबर उजाडल्यावर. मग घेतली शाळा. पन्नाशीला आलेल्या बाईला मास्तरीण केलंस, देव तुला बघून घेईल.

पानं लावताना पोरीनं सगळ्यांत मोठं म्हणून नीरफणसाचं पान आणलं, आणि तेवढ्यावरच शाळा सुटली असं स्वतःच जाहीर केलं. शिंपले बारापर्यंत मोजते, पुढं 'खूप' म्हणते. कात्रीनं केळीचं पान कापलं, आणि शेजारच्या फाटूच्या कोंबड्याची शेपटीही कापली. फाटू आली होती भांडायला. मी उभी राहिल्यावर बसून बोलली.

गुरुवारी घमेल्यात कुठलं काम भागतंय? समुद्रावर गेलो. नारळ तरंगला, दगड बुडाला. माझी रविवारची चप्पल इतकी छान तरंगली की पार खडकांपलीकडे गेली. मी ओरडत होते, आणि ही कमरेवर हात ठेवून विचारते, आत्या, ऑस्ट्रेलिया तरंगतो का? मी म्हटलं, नाही बाई, तो रुतून बसलेला आहे. तर म्हणाली, तरंगत असता तर दोरी बांधून ओढून आणला असता. लोसा, त्यानंतर मला चपलेचं ओरडायला सुचलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. रविवारी चर्चबाहेर तिनं मला सर्वांसमोर आई म्हणून हाक मारली. मी दुरुस्त केली नाही. सेनीनं घरी कळवलंय, तुमचा मुकादम तुला पुढच्या हंगामालाही राहा म्हणतोय. राहा. वादळानं नेलेलं छप्पर बांधून होईल, तुझंही वय आहे, पुढंमागं नवा संसार होईल. सियाले मला दे. माझ्या भावाची ती एकच खूण आहे आणि मला मूलबाळ नाही. आत्यानं मागितलं की आपल्याकडे नाही म्हणत नाहीत, ते तुला मी सांगायला नको.

तब्येत सांभाळ. माझ्याबद्दल मन वाकडं करू नकोस.

तुझी,
व्हिका

———

बंडाबर्ग, १२ ऑक्टोबर

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शेताच्या बांधावर बसून वाचलं, आणि उरलेला दिवस कच्चे टोमॅटो तोडत राहिले. मुकादम ओरडला, ते बरोबरच होतं.

तुमच्या शब्दाला तुमच्या भावानं, पेनीनं, कधी नाही म्हटलं नाही, सासऱ्यांनी नाही, मी तर नाहीच. पेनी गेला तेव्हा माझ्या पाठीवर तुमचाच हात होता. समोर असते तर जमिनीवर बसून, मान खाली घालून बोलले असते. तसंच समजा. वन्सं, नाही. सियालेला मी देणार नाही.

एकवीस तारखेचं कारण आता सांगते. त्या सोमवारी मीही ढोबळी मिरचीची पानं तोडून खिशात ठेवली, जेवणाच्या सुट्टीत ओळीनं लावली. मंगळवारी शिंपले नाहीत म्हणून खडे मोजले. गुरुवारी बादलीत टोमॅटो टाकून बघितला, तरंगतो. सगळ्या हसत होत्या. मला वाटत होतं, याच वेळी तीही तिकडे वाकून बघत असेल, एवढं एक तरी आम्ही दोघी मिळून करतोय. आता कळलं की तेव्हा माझं पत्र दुकानात होतं. आठवडाभर मी एकटीच शाळा शाळा खेळत होते.

तिनं तुम्हाला आई म्हटलं, त्यात तिची चूक नाही आणि तुमचीही नाही. हाक मारली की जी ओ देते, तीच आई. मी ओ द्यायला येतेय. मुकादमाला सांगितलंय. छप्पर अर्धं होईल. उरलेल्या अर्ध्यावर नारळाच्या झावळ्या घालू. नोव्हेंबर संपता संपता पोचेन.

रागवा, पण परकं करू नका.

तुमची,
लोसा

———

नुकुअलोफा, २० नोव्हेंबर

चि. लोसास,
आशीर्वाद.

हे पत्र तुला पाद्रीबाई देतील, आणि सियालेही त्यांच्याकडेच असेल. मी इथे राजधानीत मावसबहिणीकडे आले आहे.

रागावले होते. फाटूला सांगितलं, तिनं हो ला हो केलं, तेव्हाच कळलं की माझं काहीतरी चुकतंय. मग पाद्रीबाबांकडे गेले. मला वाटलं, ते तुला कडक पत्र लिहितील. ते म्हणाले, लोसालीने मोठ्या माणसाला नाही म्हणायला शिकली म्हणजे पोर सुरक्षित आहे. मी त्यांच्याकडचा चहा न पिता निघाले.

मी घरी असते तर ती माझ्या झग्यामागे लपली असती आणि तू पेटी घेऊन अंगणात उभी राहिली असतीस. ते मला बघवलं नसतं. खोटं कशाला बोलू, कदाचित बरंही वाटलं असतं. म्हणून निघाले. धक्क्यावर ती रडली नाही, तिला वाटलं मी मीठ आणायला चालले आहे.

तिला माशाचं डोकं देऊ नकोस, डोळे बघून घाबरते. केस विंचरताना खालून सुरुवात कर. इथे घरभर पोरं आहेत, पण सगळी टीव्हीसमोर. आज मला बारापर्यंत काहीतरी मोजून दाखवणारं कोणी नव्हतं. तिनं काय खाल्लं, काय बोलली, ते लिही. बारीकसारीक लिही. आता मला कळतंय की तू तिकडे काय करत होतीस.

तुमची दोघींची,
व्हिका

———

हाआनो, ५ डिसेंबर

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

बारीकसारीक लिहा म्हणालात, तर ऐका. पहिल्या दिवशी ती पाद्रीबाईंच्या पलंगाखालून निघालीच नाही. मी आणलेली रंगीत कात्री तिनं माझ्याकडे परत सरकवली. घरी आल्यावर उकडलेलं अळू खाल्लं, पण माझ्याकडे पाठ करून. मी आठवडा आखून आणला होता, वन्सं, सोमवारपासूनचा. तो तसाच राहिला. ती अंगणात जिथे जाईल तिथे मी थोडं अंतर ठेवून बसत होते, एवढीच काय ती आमची शाळा.

चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, तू बोटीनं परत जा आणि त्याच बोटीनं माझ्या आत्याला पाठव. मी विहिरीमागे जाऊन रडले. परत आले तर तिथेच उभी, उत्तराची वाट बघत. मी म्हटलं, मला कुठं जाता येत नाही गं, पण बोट आली की बघायला जाऊ. तर लगेच माझं बोट धरून ओढायला लागली. बोट यायला दोन दिवस होते. तरी गेलो.

त्यानंतर रोज जातोय. वाटेत ती बोलते. फाटूचा कोंबडा, तुमची चप्पल, सगळं मला ऐकवून झालं. काल खरंच बोट आली. पिठाची पोती उतरली, छपराचे पत्रे उतरले, माणसं उतरली. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती माझा हात सोडायला तयार नव्हती. मग माझ्याकडे मान वर करून रडक्या आवाजात म्हणाली, आपली आत्या का नाही आली?

आपली म्हणाली, वन्सं. आतापर्यंत माझी म्हणायची.

मी तिला उचलून घेतलं आणि तिनं घेऊ दिलं. घरी येईपर्यंत आम्ही दोघी तुमच्यासाठी रडत होतो. शुक्रवारच्या बोटीनं या. तुमच्याशिवाय आम्हाला एकमेकींची सवय होईलही, पण तशी ती आम्हाला नकोय.

वाट बघणाऱ्या,
लोसा आणि सियाले